पोळ्याच्या दिवशी ओढलेलं घर

रोलरच्या मागं एक खोली असायची. आता तशा दिसत नाहीत. लोखंडी चाकांवर ठेवलेलं पत्र्याचं खोकं, अंगाला हिरवा रंग, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, मागं दार आणि दाराला लोंबती लोखंडी पायरी. खात्यात तिला कॅरॅव्हॅन म्हणत, गावोगावचे लोक रोलरची खोली म्हणत. रस्त्याचं काम जसजसं पुढं सरके तशी ही खोलीही सरके, आणि रोलरचा ड्रायव्हर तिच्यात राही.

आमचा ड्रायव्हर बायकोसकट राहायचा. त्यांना दुसरं घर नव्हतं. तो पूर्णेचा, बौद्ध कुटुंबातला. बाप रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होता. बाप गेला तसं क्वार्टर गेलं. पुढं खात्यात नोकरी लागून ही खोली मिळाली तेव्हा त्यानं लग्न केलं. बायकोनं त्या खोक्याचं घर केलं होतं. आतून चुना मारलेला, कोपऱ्यात चुलीसाठी मातीचा ओटा, पत्र्याला भोक पाडायला नको म्हणून तारेनं बांधलेल्या दोन तसबिरी. खोली हलायची असली की ती आधी तसबिरी उतरवून गोधडीत गुंडाळायची, मग भांडी.

मी त्याच कामावर कारकून होतो. मोठा दुष्काळ सरून दुसरा पावसाळा चालू होता. दुष्काळात खडी फोडायला आलेल्या माणसांची हजेरी मी मांडायचो. त्यामुळं त्या पट्ट्यातली माणसं मला वाजवीपेक्षा जास्त मान देत. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला तेवढा मान बरा नव्हे, हे आता कळतं. तेव्हा मला तो माझाच वाटायचा.

रोलरचे ड्रायव्हर पितात असा खात्यात सर्वांचा समज होता आणि बहुतेक ड्रायव्हर तो खरा करून दाखवत. हा शिवत नसे. बापानं दीक्षा घेतली तेव्हा ह्यानंही लहानपणीच, बापाच्या शेजारी उभं राहून पंचशील घेतलं होतं, आणि त्यातलं दारूचं कलम त्यानं एखाद्या दागिन्यासारखं जपलं होतं. कामावरचे लोक त्याला बुवा म्हणत.

"बुवा, थंडी लय हाय, घ्या घोटभर. औषध म्हणून."

"औषध आजाऱ्याला द्या," तो म्हणायचा. "मी कुठं आजारी हाय?"

रोज दाढी करायचा, खाकी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावायचा. माणूस गरीब होता पण कुणाच्या तोंडाला लागायची त्याला भीती नव्हती, कारण त्याच्या तोंडाला कधी वास येत नसे. त्याच्याजवळ असलेली खरी मिळकत तीच होती. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवतो.

पावसाळ्यात रोलर जागेवरच उभा राहतो. पण खोली गंगाखेडला आणून लावा, मोठे साहेब पाहणीला यायचेत, असा निरोप आला. कधी आणायची ते माझ्यावर सोडलं होतं. पोळा होऊन गेल्यावर आणली असती तरी कुणी विचारलं नसतं. मी पोळ्याचा दिवस निवडला.

कारण साधं होतं. गंगाखेडला खोली पोचवली की दुपारची एसटी धरून मला घरी जाता आलं असतं. आमचं गाव झरीकडं. वडिलांची पांढरी खिलारी जोडी त्या वर्षी पहिल्यांदा तोरणाखालून जाणार होती. नवी पँट शिवली होती, ती मी सकाळी अंगावरच चढवली. काळ्या रानातून जाणारा रस्ता, वरून पाऊस, मध्ये एक नाला. गाडी रुतली की आमच्याकडं एकच उपाय, कुणाच्या तरी गोठ्यातून बैल आणून जुंपायचे. आणि पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू पडत नाही. आदल्या संध्याकाळी त्याचा खांदा तूप-हळदीनं मळायचा, त्याला जेवणाचं आवतन द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला नुसतं पुजायचं. हे मला कुणी सांगायला नको होतं. शेतकऱ्याचं पोर मी. माहीत असून निघालो. नाही रुतणार, एवढंच मनाशी म्हटलं.

ओढायला खात्याचा जुना ट्रॅक्टर होता. रोलरच्या ड्रायव्हरनंच तो चालवायचा. मी पावसाचं निमित्त करून खोलीत बसलो, त्यांच्या बाजेवर. बूट चिखलाचे होते. ड्रायव्हरची बायको चुलीच्या ओट्याशी भांड्यांचं गाठोडं धरून बसली होती. माझ्या बुटांकडं तिनं एकदा पाहिलं, मग एक पोतं माझ्या पायाखाली सरकवलं.

"पाय वर घ्या जरा," ती म्हणाली. "सारवलंय काल."

मला राग आला. तिनं 'साहेब' म्हटलं नाही, म्हणून.

नाल्यात पाणी घोट्याएवढंच होतं, पण तळ लोण्यासारखा झाला होता. खोलीची लोखंडी चाकं त्यात अशी बसली की पायरी पाण्याला टेकली. ड्रायव्हरनं विचार करून खोली सोडवली, ट्रॅक्टर एकटाच पलीकडच्या चढावर नेला आणि वरच्या टणक जागेवरून तारेच्या दोरानं ओढायला लागला. खोली नाल्याच्या मध्यातून निघून चढाच्या तोंडाशी आली. तिथं ट्रॅक्टरखालून जळका वास सुटला. क्लच गेला. इंजिन गुरगुरत होतं, चाकं जागची हलत नव्हती.

वरच्या अंगाला आभाळ काळंभोर होतं. त्या भागातला नाला मी पाहिलेला. वरती तासभर पडला तरी खाली माणूस उभा राहत नाही.

गाव जवळच होतं. वाजंत्री ऐकू येत होती. पावसामुळं पोळा लवकर उरकायचा बेत असावा. सजवलेले बैल घेऊन माणसं वेशीकडं निघालेली. आम्हाला बघून अर्धा पोळा नाल्यावर आला. शिंगांना हिंगूळ, बेगड, पाठीवर झुली, झुलींवर पोती पांघरलेली. बैल आणि माणसं दरडीवर ओळीनं उभी राहून आमच्याकडं बघायला लागली.

गावचा पाटील छत्रीखाली होता. छत्री त्याच्या गड्याच्या हातात. पाटलाची नि माझी दुष्काळी कामापासूनची ओळख.

"कारकूनसाहेब, आज कुठं निगालात घर घेऊन?"

मी खिडकीतूनच म्हटलं, "पाटील, चार जोड्या द्या. नाला यायच्या आत वर घ्यायला पायजे."

"बैल?" तो हसला. दरडीवरचे सगळेच हसले. "अवो, तुमी कोणाचे? तुमच्या घरी जुंपतेत का आज?"

मी पुन्हा वरच्या आभाळाकडं पाहिलं.

"बैल न्हाई मिळायचे. माणसं घ्या की," पाटील म्हणाला, आणि गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाड्याकडं हात केला. "त्यांचा कुठं पोळा हाय?"

दुष्काळात त्या वाड्यातली बहुतेक माणसं माझ्या हजेरीवर होती. मी निरोप धाडला. निरोपात एवढंच होतं की पाऊस उघडला की पुन्हा काम निघणार आहे, आणि कोणाला घ्यायचं ते मी ठरवणार आहे. माणसं आली. डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊन. त्यांच्यातला एक म्हातारा ड्रायव्हरच्या बायकोशी बोलला, कुठली, कुणाची विचारलं, आणि मग मागं वळून बाकीच्यांना म्हणाला, "आपलंच हाय रे घर. धरा."

म्हणजे ते माझ्या धमकीनं आले होते, पण ओढलं त्यांनी तिच्यासाठी. हा फरक मला तेव्हाही दिसला होता आणि मला तो आवडला नव्हता.

विहिरीच्या मोटेचा जाड नाडा खोलीला बांधला. माणसं दोन रांगांत नाड्याखाली खांदा देऊन उभी राहिली. अगदी जोड्या-जोड्यांनी. दरडीवरून आवाज सुरू झाले.

"आरं, शिंगं रंगवा की ह्यांची!"

"झूल टाका, झूल! भिजायलेत."

"ती डावीकडली जोडी बरी दिसायली. बाजारात न्या."

नाड्याखालून कोणीतरी वर बघून ओरडलं, "पाटील, बैलाला पुरणपोळी देता. आमाला काय?"

"आदी ओढा. मग वैरण टाकतो."

ह्यावर मीही हसलो. खिडकीत बसून.

वजन कमी करायला सामान खाली काढायचं ठरलं. बाज सोडून सगळं, पिठाचा डबा, भांडी, गोधड्या, गोधडीतल्या तसबिरी, हे सारं बायकोनं स्वतः उतरवून दरडीवर नेलं. तिला सहावा महिना होता. तीही उतरली. ड्रायव्हर दाराशी आला आणि माझ्याकडं पाहून थांबला. माझी नवी पँट त्याला दिसली.

"बसा तुमी," तो म्हणाला. "ब्रेकला माणूस लागतोच."

आतल्या कोपऱ्यात खिडकीशेजारी ब्रेकचं चक्र होतं. फिरवलं की चाकं आवळायची. चक्र जागेवर धरून ठेवणारा खटका होता, पण त्याचे दात झिजलेले. म्हणून चक्र फिरवल्यावर हातानं दाबून धरावं लागे. सोडलं की ते आपोआप उलटं फिरून मोकळं होई. ड्रायव्हरनं मला हे दोनदा करून दाखवलं. माणसं ओढतील, दमली की 'बास' म्हणतील, त्या वेळी मी चक्र आवळून धरायचं, तेवढ्यात तो मागच्या चाकाखाली उटीचा, म्हणजे चाक अडवायचा, दगड लावील, मग 'लावला' म्हणेल, तेव्हा मी सोडायचं. पुन्हा ओढायचं.

"दगड लावायलो तवर हात काढू नका, साहेब. मी खाली असतो."

"माहीत आहे," मी म्हणालो.

तसं चाललंही. जोर लगाके, हैश्शा, आणि खोली वीतभर वर. बास. मी आवळायचो. लावला. मी सोडायचो. माणसांचे पाय घोट्यापर्यंत जायचे, एखादा तोंडावर पडायचा, वरून हशा. तिथं रस्ता दरड कापून काढलेला होता, त्यामुळं खोली चढू लागली तसे दरडीवरचे लोक माझ्या खिडकीच्या बरोबरीला आले. आता मला बैल अगदी जवळून दिसत होते. एक पांढरी जोडी आमच्यासारखीच होती.

आणखी दोन-तीन हिसके दिले की खोली सपाटीवर.

तेव्हा पाटील खिडकीशी आला. त्याच्या हातात ताट होतं. घरून आणवलं असावं. पुरणपोळी, वर तूप, बाजूला कुरडई. पदराआड झाकून आणल्यागत धोतराच्या सोग्याखाली धरलेलं.

"साहेब, सणाचं उपाशी नका बसू. घ्या."

खालून 'बास' आला. मी चक्र आवळलं, उजव्या हातानं. पाटलानं ताट खिडकीतून आत केलं.

मी डावा हात पुढं केला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण सणाचं अन्न, पाटलाच्या हातचं, ते डाव्या हातानं कसं घ्यायचं? असा विचार केला असंही नाही. विचार करायला वेळच नव्हता. जे हाडात असतं ते झालं. उजवा हात चक्रावरून निघाला आणि ताटाखाली गेला. डावा हात चक्राकडं जाईपर्यंत ते भिंगरीसारखं फिरलं.

बायको दरडीवरून ओरडली, "बिरीक! आवो, बिरीक धरा!"

नाडा माणसांच्या खांद्यांवरून सटासट निघाला. खोली मागं गेली, फार नाही, माणसाच्या लांबीएवढी, आणि थांबली. ती कशामुळं थांबली ते मला खिडकीतून दिसलं नाही. ऐकू आलं.

ताट माझ्या हातात तसंच होतं. कुरडईसुद्धा पडली नव्हती.

ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्यापासून पुढं चाकाखाली होता. चिखल मऊ होता म्हणून पाय तुटून वेगळा झाला नाही, असं नंतर कोणी म्हणालं. माणसांनी खोली खांद्यांनी उचलली. नाडा, बैल, ट्रॅक्टर काही लागलं नाही तेव्हा. नुसत्या खांद्यांनी उचलली.

तो शुद्धीवर होता. बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कण्हत नव्हता, फक्त माझ्या खिडकीकडं बघत होता. त्याला वाटत असावं की मी उतरून येईन.

दरडीवर कुजबुज सुरू झाली. कसं झालं, कसं झालं. पाटलानं माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि त्या बाईला. मग पाटील मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पिलेला हाय का काय त्यो? उटीचा दगड धड लावता येईना त्याला."

त्यानं मला त्या खोट्याचं दार उघडून दिलं होतं. मी आत गेलो.

"सकाळपासून आहे," मी म्हणालो.

दोन शब्द. ताट हातात धरून.

"हां, पोळा हाय आज," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना ते पटलं. रोलरचा ड्रायव्हर, त्या समाजाचा, सणाचा दिवस. शंका घ्यायला जागाच नव्हती.

त्याला मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायला बैलगाडी हवी होती. गाडी आली नाही. एक तरणा शेतकरी खरोखरच आपली जोडी घेऊन पुढं आला होता. त्याच्या बापानं भर लोकांत त्याच्या हातातला कासरा हिसकला. "आजच्या दिशी जू घालतो का रं? वर्सभर काय खाशील?" तोवर मी ताटासकट खाली उतरलो होतो. खात्याचा माणूस म्हणून मी दरडावलं असतं तर कदाचित गाडी मिळाली असती. पण माझ्या वडिलांनीही त्या दिवशी आपली जोडी दिली नसती, आणि हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की तोंडातून शब्द आला नाही.

बाज त्यांचीच होती. तिच्यावर घालून बौद्धवाड्यातल्या माणसांनी त्याला उचललं. नाड्यानं सोललेल्या खांद्यांवर. बायको बाजेबरोबर चालली. माझ्यापाशी आली तेव्हा थांबली. मला वाटलं, आता ही ओरडेल. ती हळू बोलली.

"ताट ठिवा खाली. हात दुखत असतील."

सामान दरडीवर भिजत राहिलं. संध्याकाळी नाला आला. खोली वाहून गेली नाही, चढाला टेकून उभी होती, फक्त आत पाणी आणि चिखल भरला. पोळ्याला मी घरी गेलो नाही. तेवढ्यावरून आईनं माझं कौतुक केलं, की कामासाठी सण सोडला पोरानं.

पाय कापावा लागला. खात्याचे मोठे साहेब दवाखान्यात विचारपूस करायला गेले तेव्हा मीही होतो. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, ह्यांनी ब्रेक सोडला." बायको म्हणाली, "मी बघितलंय. पोळी घ्यायला सोडला." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मी चांगला दिसत असावा खाली बघताना.

"बाई, नवऱ्यासाठी माणूस बोलतंच," साहेब म्हणाले. "पण अख्खं गाव सांगायलंय."

अख्खं गाव सांगत होतंच. पाटलानं माणसं उभी केली, आणि त्यांनी खोटं सांगितलं असंही म्हणता येत नाही; त्यांना तेच वाटत होतं. कामावर पिऊन होता म्हणून नोकरी गेली, मिळायची ती भरपाईही मिळाली नाही. खोली खाली करून घ्यायला मलाच पाठवलं. बायकोनं ती धुऊन, चिखल काढून, पुन्हा सारवून ठेवली होती. मी म्हटलं, कशाला एवढं. ती म्हणाली, "माझं घर हाय. घाण ठेवून जाऊ का?"

तो कुबड्या घेऊन बाहेर दगडावर बसला होता. कुबड्या नव्या होत्या आणि त्याला त्या नीट धरता येत नव्हत्या.

"साहेब," तो म्हणाला, "पायाचं जाऊ द्या. नोकरीचंबी मी बोलत न्हाई. एक करा. त्या गावात जाऊन एकदा सांगा की हा पिलेला नव्हता. चार माणसांत. मला लिहून नको, काही नको."

"बघू," मी म्हणालो.

बघू म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. तरी त्यानं मान हलवली.

ते पूर्णेला गेले. मला बढती मिळत गेली. लग्न झालं, मुलं झाली. माझ्या बायकोला मी हे कधी सांगितलं नाही. पुरणपोळी मी खातो; मला त्या वासानं मळमळतं वगैरे असं काही होत नाही. होतं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं.

पूर्णा स्टेशनबाहेर तो स्टोव्ह दुरुस्त करायला बसतो हे मला माहीत होतं. गाडी बदलायला तिथं उतरलो की मी पलीकडच्या फाटकानं बाहेर पडायचो. एकदा चुकून समोर आलो. त्यानं मला ओळखलं, पिनेनं बर्नर साफ करत होता तो हात थांबला.

"गेलता का?" त्यानं विचारलं.

इतकी वर्षं झाली होती, आणि दुसरं काही नाही, गेलता का.

"नाही अजून," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि बर्नर पुन्हा हातात घेतला.

तो गेल्याचं मला उशिरा कळलं. मग मात्र मी त्यांच्या घरी गेलो. आता भीती कशाची होती? ज्याच्याकडं बघायची भीती होती तो नव्हता. हेही कबूल करतो. मुलगा नोकरीला बाहेरगावी होता. त्या वेळी पोटात होता तोच. बाईनं दार उघडलं. पांढरे केस, पण नजर तीच. मी उंबऱ्यातच सगळं बोललो. ब्रेक, ताट, दोन शब्द. वाटेत पाठ केल्यासारखं बोललो.

तिनं पुरतं ऐकून घेतलं.

"हे मला काऊन सांगायलात?" ती म्हणाली. "मी तितंच उभी होते."

"मला वाटलं..."

"मला ठावं हाय ते मलाच सांगून तुमी मोकळे व्हायलात. जिथं सांगायचं तिथं सांगा. पोळ्याच्या दिशी जा. समदे भेटतेत."

म्हणून मी गेलो. पोळ्याच्या दिवशीच गेलो. नाल्यावर आता पूल आहे. रस्ता डांबरी आहे, बराचसा मीच, कचेरीत बसून, मंजूर करून घेतलेला. मारुतीच्या देवळापुढं बैल उभे होते, पूर्वीपेक्षा कमी. पाटील जिवंत होता, खुर्चीवर बसवून आणलेला. मी माझी ओळख सांगितली. कोणाला आठवेना. मग मी नाल्यात अडकलेल्या खोलीचं सांगितलं, आणि सगळे एकदम खुलले.

"हां हां! त्यो बेवडा डायव्हर!"

"सोताच्याच घराखाली आला त्यो!"

मला कळलं की ही गोष्ट गावात पोळ्याला दर वर्षी सांगतात. जे तेव्हा जन्मलेही नव्हते त्यांनाही ती तोंडपाठ होती. तिच्यात भर पडली होती. गोष्टीतला ड्रायव्हर बैलाला बाटली दाखवायचा, बैलाशीच भांडायचा, पडता पडता पाटलाला सलाम करायचा. एका पोरानं मला तो झोकांड्या खात चालून दाखवला. एक पाय ओढत.

मी म्हटलं, "तो प्यालेला नव्हता. आयुष्यात कधी प्यायला नाही. ब्रेक माझ्या हातात होता आणि मी सोडला. प्यालेला होता हे मी खोटं सांगितलं."

मग एकजण म्हणाला, "जाऊ द्या साहेब. पोळ्याला कोण पीत न्हाई?" आणि हशा झाला. त्यात दुष्टावा नव्हता. सणाचा हशा होता.

मी पाटलाकडं वळलो. "पाटील, तुम्ही सांगा. तुम्ही मला ताट दिलं तेव्हा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला आठवत होतं. डोळ्यांत दिसत होतं.

"मी कशाला तितं येऊ?" पाटील म्हणाला. "मी तोरणापाशी होतो. साहेबाचं वय झालंय. पाणी द्या रे त्यांना."

पाणी दिलं. जेवायचा आग्रह केला. मी निघालो.

पूर्णेला उतरून बाईला सांगायला गेलो. ती दळण निवडत होती.

"सांगितलं?"

"सांगितलं. चार माणसांत."

"काय म्हणले?"

खोटं सांगायची इच्छा झाली. ऐकून घेतलं, गप्प झाले, असं काही. पण तिच्यापुढं ते जमलं नाही.

"हसले," मी म्हणालो.

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"हसतीलच. पुढल्या पोळ्याला परत जा."

मी गेलो. त्याच्या पुढल्यालाही गेलो. आता तिथली पोरं मला ओळखतात. बैल तोरणाखालून गेले की ती रस्त्याकडं डोळे लावून बसतात, आणि मी पूल उतरताना दिसलो की एकच गलका होतो, "आले, आले, न पिलेल्या डायव्हरचे साहेब आले!" मग मला मध्ये उभं करतात, पाठीवर कोणीतरी झूल टाकतं, आणि सांगा म्हणतात. मी सांगतो. तेच, त्याच शब्दांत. ते पोट धरून हसतात.